जिभेवरचा पहारा



अंक उशिरा निघतो आहे. नेहमीचं कारण पैसा, ते आहेच. कागद महागला, वर्गण्या थकल्या, छापखान्याचं मागचं बिल अजून अर्धं द्यायचं आहे. पण या खेपेला उशिराचं खरं कारण मी आहे. संपादकीय लिहायला बसलो की एक पोरगी डोळ्यांपुढं येऊन बसायची आणि पुढं लिहू द्यायची नाही. तेव्हा आधी तिचं लिहितो. व्यवस्थेला शिव्या नंतर घालू.

गोंदियात दर रविवारी संध्याकाळी विहारात आमचं अभ्यासमंडळ बसतं. दहा-बारा पोरं-पोरी. कुणी बी.एस्सी. करतंय, कुणी नर्सिंगला आहे, कुणी पोलीसभरतीसाठी पहाटे ग्राउंडवर धावतंय. बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण वाचायला घेतलं होतं. हे भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी इंग्रजीत लिहिलं. मंडळवाल्यांना ते पचलं नाही, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या पैशानं छापलं. मीच टूम काढली की मराठी भाषांतर नको, मूळ इंग्रजीतूनच वाचू. प्रत्येकानं एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर दोन वाक्यं स्वतःच्या इंग्रजीत बोलायची. मला वाटलं, मोठं क्रांतिकारक काम करतोय.

अर्जुनी मोरगावकडच्या एका पोरीची पाळी आली. हॉस्टेलवर राहून शिकते. चौदा एप्रिलला हजार माणसांपुढं माईक धरून भीमगीतं गाते, तेव्हा पोट्टे शिट्ट्या मारायचं विसरतात. तिनं पुस्तक धरलं आणि शीर्षकापासूनच सुरुवात केली. ‘अन्निहिलेशन’ असं वाचलं. मी हसलो. मी हसलो म्हणून बाकीचे हसले. मग मी मोठ्या ऐटीत सांगितलं, त्यातला ‘ह’ उच्चारत नाहीत, ‘अनायलेशन’ म्हणायचं. ती थांबली. पुढची ओळ तिनं वाचली, पण आवाज तिच्या गळ्यातच राहिला. दोन वाक्यं बोलायची वेळ आली तर नुसतीच उभी. कपाळावर घाम. ‘सॉरी’ म्हणाली आणि बसली.

त्या दिवशी तिला एवढं एकच इंग्रजी बोलता आलं. सॉरी.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. फोन केला तर म्हणते, ‘काही नाही दादा, पेपर आहेत.’ पेपर नव्हते. मला ठाऊक होतं.

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या शब्दातला ‘ह’ उच्चारत नाहीत हे मलाही दोनच वर्षांपूर्वी कळलं. तेही रात्री कानात वायर घालून, मोबाईलवर चोरून ऐकून. त्याच्या आधी मीही चारचौघांत ‘अन्निहिलेशन’च म्हणत होतो. मग मी हसलो कुणावर?

हसायचं कुठं शिकलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्याला मुलाखतीला गेलो होतो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, जनरलच्या डब्यात रात्र काढली, स्टेशनवरच तोंड धुतलं, शर्ट बदलला. समोर तिघं जण. पहिलाच प्रश्न, ‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ याचं उत्तर मी महिनाभर पाठ केलं होतं. गाडीत येतानाही घोकत होतो. पण तोंड उघडलं आणि सगळं पुसून गेलं. ‘माय नेम इज’ म्हणालो, आणि नाव सांगितल्यावर आडनाव सांगायचं की नाही तिथंच अडकलो. त्यांच्यातला एक जण जरासा हसला. म्हणाला, ‘रिलॅक्स. मराठी मीडियम का?’ दुसऱ्यानं खाली कागदावर काहीतरी लिहिलं. शिवी कुणी दिली नाही. जात कुणी विचारली नाही. पण त्या हसण्यात सगळं होतं आणि ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं.

आणि हाच मी. झाडीपट्टीच्या नाटकात एक हंगाम इन्स्पेक्टर झालो होतो. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, थंडीत हजारो माणसं ताडपत्रीवर बसून बघतात. तिथं एकदा संवाद विसरलो तर जागेवर नवा रचून बोललो आणि टाळी घेतली. म्हणजे माणसांपुढं बोलायची भीती मला नव्हती. पोरीलाही नाही. भीती इंग्रजीचीच.

या भीतीवर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. १९८६ साली अमेरिकेत हॉरविट्झ नवरा-बायको नाहीत की कोण, असला फालतू तपशील सोडा, पण एलेन हॉरविट्झ आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकणाऱ्यांच्या धास्तीचं मोजमाप तयार केलं. तेहतीस विधानं. त्यांना ही धास्ती तीन अंगांची दिसली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला काय समजतील याची धास्ती. गंमत अशी की हा अभ्यास टेक्सासच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकणाऱ्या पोरांवर झाला. म्हणजे ज्यांच्या इंग्रजीला आपण घाबरतो त्यांचीही पोरं दुसऱ्याची भाषा बोलताना घामाघूम होतात. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण थांबा. तो अमेरिकन पोरगा स्पॅनिशमध्ये चुकला तर लोक म्हणतात, याचं स्पॅनिश कच्चं आहे. बस. आपली पोरगी इंग्रजीत चुकली तर लोक म्हणतात, कोट्यातली असेल. त्याची भाषा चुकते, आपली औकात निघते. हा फरक त्या तेहतीस विधानांत कुठं बसवायचा?

त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका प्रयोगात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. २००६ साली तो अभ्यास छापून आला. कुणाची जात काय हे जाहीर केलं नव्हतं तेव्हा आपली पोरं आणि सवर्णांची पोरं कोडी सोडवण्यात बरोबरीनं होती. मग सगळ्यांसमोर नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली. आपली पोरं मागं पडली. डोकं तेच, हात तेच, कोडी तीच. फक्त चारचौघांत जात उच्चारली गेली.

दोस्तांनो, इंग्रजी बोलायला उभं राहणं म्हणजे आपल्यासाठी नेमकं हेच आहे. पहिलं वाक्य तोंडातून निघतं आणि त्याबरोबर गाव, शाळा, माध्यम, वस्ती, बापाचा धंदा, सगळं जाहीर होतं. नाव-जात वाचून दाखवायला वेगळा माणूस लागत नाही. आपली जीभच ते काम करते, म्हणून ती अडते.

आणि ही जीभ आजच अडलेली नाही. गौतम धर्मसूत्र काढून बघा. शूद्रानं वेद ऐकला तर कानात तापवलेलं कथील आणि लाख ओता, वेद उच्चारला तर जीभ कापा, असं तिथं लिहून ठेवलं आहे. आता जीभ कुणी कापत नाही. नुसतं हसलं की काम भागतं. जिभेवर पहारा बसवला तो आपल्याच डोक्यात, आणि पहारेकऱ्याचा पगारही आपणच देतो.

काही शहाणे म्हणतील, मग इंग्रजी पाहिजेच कशाला? मातृभाषा आहे की! यांना मी एवढंच विचारतो, तुमची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. मराठी माझीही आहे, मलाही आनंद आहे. पण ‘अभिजात’ या शब्दाचा अर्थ बघा. चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे भाषेलाही कूळ लागतं! मग ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारी आमची झाडीबोली कुठल्या कुळातली? मला पहिल्यांदा कुणी हसलं ते इंग्रजीवरून नव्हे. चौथीत होतो. ‘ण’ येत नाही म्हणून गुरुजींनी फळ्यापुढं उभं करून ‘बाण’, ‘पाणी’, ‘आणि’ दहा दहा वेळा म्हणायला लावलं आणि वर्ग हसत होता. इंग्रजीची धास्ती त्याच रोपाची आहे. पऱ्हे मराठीच्या तासाला टाकले, रोवणी इंग्रजीच्या तासाला झाली.

त्या शुद्ध मराठीचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९६३ साली बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं. १९७२ साली ढसाळांचा ‘गोलपिठा’, १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’. सदाशिव पेठेला परवानगी विचारत न बसता ही माणसं आपल्या वस्तीच्या तोंडानं बोलली. नाक मुरडणाऱ्यांनी मुरडलं आणि मग त्यांनाच ती पुस्तकं अभ्यासक्रमात लावावी लागली. मराठीचा पहारा त्यांनी उठवला. इंग्रजीचा अजून बसून आहे, आणि तो उठवायचं काम आपल्या पिढीच्या वाट्याला आलं आहे.

इंग्रजीशी आपलं नातं काय, हे आपल्या माणसांनी फार आधी ठरवून ठेवलं आहे. सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ सालचं, त्यात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतूनही जोडली आणि पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १८८२ साली हंटर आयोगापुढं शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत दिली तीही इंग्रजीतून. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. देवांच्या भाषेनं दार लावलं, पुढं साहेबाच्या भाषेतून ते न्यूयॉर्क आणि लंडन गाठून आले, आणि संस्कृतही नंतर स्वतःच्या बळावर शिकले.

मला त्यातली एक गोष्ट सारखी आठवते. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. शिकवणं इंग्रजीत. सुरुवातीला पोरांना वाटलं, हा अस्पृश्य काय शिकवणार? स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्यावरूनही तिथं आक्षेप घेतला गेला. १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष दिली, तीही इंग्रजीत. आणि हीच नोकरी चालू असताना, ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी पाक्षिक काढलं ते मराठीत. नाव ठेवलं ‘मूकनायक’. मुक्यांचा नायक. सरकारपुढं इंग्रजी, आपल्या माणसांपुढं मराठी. ना इंग्रजीची पूजा, ना मराठीचा गंड. ज्याला जे कळतं त्या भाषेत त्याला गाठायचं, एवढाच हिशेब.

आज उलटं चाललंय. एकीकडं गोंदियात चौकाचौकात ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे बोर्ड. धान विकून बाप फी भरतो आणि पोरगं तिथं ‘हाऊ आर यू, आय ॲम फाइन’ घोकून परत येतं. दुसरीकडं उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला काढलं. चंद्रभान प्रसाद यांच्या कल्पनेतलं. त्यांचं म्हणणं मला समजतं, त्यामागची तळमळही कळते. पण देव्या आपल्याकडं कमी होत्या का? देवीपुढं माणूस हात जोडतो, बोलत नाही. आणि आपला प्रश्नच बोलण्याचा आहे.

सरकारनं जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी पाचवीपासून होतं. माझी पिढी त्या पहिल्या खेपेतली. बारा वर्षं इंग्रजी शिकलो. बारा वर्षांत माझ्या तोंडून स्वतःचं असं एक इंग्रजी वाक्य कुणी काढून घेतलं नाही. गुरुजी वाचायचे, अर्थ मराठीत सांगायचे, उत्तर फळ्यावर लिहून द्यायचे, आम्ही उतरवायचो. पोहणं फळ्यावर शिकलो आणि एक दिवस पुण्याच्या मुलाखतीत नवेगाव बांधात फेकल्यासारखं झालं.

म्हणून म्हणतो, ही कमतरता आपल्या मेंदूत नाही. पुरावा पाहिजे? माझी आई बघा. बाप राईस मिलमध्ये हमाल होता, आई गोंदियाच्या बाजारात भाजी विकते. घरात झाडीबोली. गिऱ्हाईक कधी सिंधी, कधी बालाघाटकडचं, कधी छत्तीसगडी. आई सगळ्यांशी हिंदी बोलते. ‘भाजी अच्छा है, ताजा है, अभी आया है.’ लिंग चुकतं, वचन चुकतं, काळ चुकतो. तीस वर्षं झाली, आईची जीभ एकदाही अडखळली नाही. का? कारण गिऱ्हाइकाला वांगी पाहिजेत, तिचं व्याकरण नको. तिच्याकडं विकायला माल आहे आणि तो खरा आहे हे तिला ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्यात गल्लीत खेळणारं पोर झाडी, हिंदी, पोवारी, कुठं गोंडी नाहीतर छत्तीसगडी बोलतं किंवा निदान समजतं. तीन-तीन भाषा तोंडात घेऊन फिरणाऱ्या पोराला चौथी येणार नाही, हे कुणाचं लबाड गणित आहे?

आणि आपल्याकडंही माल आहे, दोस्तांनो. सांगण्यासारखं आपल्याइतकं कुणाकडं आहे?

हे नुसतं नोकरीपुरतं नाही. २९ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. गोंदियाही १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता, म्हणजे ते आमचंच अंगण. एका घरातल्या चार माणसांना मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टात निकाल लागला. २०१० साली नागपूरच्या हायकोर्टानं सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा ना इथं झाली ना तिथं. मी तेव्हा शाळेत होतो. पुढं कॉलेजात असताना तो हायकोर्टाचा निकाल मिळवला. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार हायकोर्टाचा कारभार इंग्रजीत, तेव्हा निकालही इंग्रजीत. वाचायला बसलो. पानामागून पान. शब्द कळत होते, वाक्यं निसटत होती. आपल्या चार माणसांच्या मरणाला जातीचं मरण का म्हणायचं नाही, याची कारणं त्या पानांत होती आणि मला ती जाब विचारण्याइतकी कळत नव्हती. आता काही निकालांची भाषांतरं होऊ लागली आहेत, चांगलं आहे. पण भाषांतर येईपर्यंत अपिलाची मुदत थांबत नाही. उलटून प्रश्न विचारायचा तर त्याच भाषेत विचारावा लागतो, चुकत का होईना.

इंग्रजी पाहिजे ती एवढ्यासाठी. साहेबासारखं दिसायला नव्हे.

आता शहरातल्या दोस्तांशी दोन शब्द. तुम्ही नागपूर-पुण्या-मुंबईत आहात. कुणी कंपनीत, कुणी विद्यापीठात. तुमच्यातल्या पुष्कळांनी हा घाम पुसला आहे आणि पुसला ते कुणाला सांगितलं नाही. आता तुमचं इंग्रजी बरं झालं. जयंतीला गावी येता तेव्हा बोलता बोलता चार इंग्रजी वाक्यं टाकता, आणि समोरचा चुलतभाऊ गप्प होतो. तुम्हाला वाटतं तो लाजरा आहे. तुमच्या तोंडून त्या पुण्यातल्या साहेबाचं हसणं ऐकू येतं त्याला, म्हणून तो गप्प होतो. मी विहारात तेच केलं. ज्या हसण्यानं मला परत पाठवलं, ते मी सोबत घेऊन आलो आणि आपल्याच पोरीवर वापरलं. शत्रूवर बोट दाखवायच्या आधी हे लिहिणं भाग होतं, म्हणून अंक उशिरा.

मागच्या आठवड्यात हॉस्टेलवर गेलो. गेटजवळ उभं राहून तिची माफी मागितली. मोबाईलवर चोरून उच्चार ऐकल्याचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘दादा, येतो मी. पण एक नियम करा. जो हसेल त्यानं पुढचं पान वाचायचं.’

नियम मंजूर झाला आहे. त्यात मंडळानं आणखी थोडी भर घातली. पहिला परिच्छेद संपादकानं वाचायचा, आणि त्याच्या चुका सगळ्यांनी मोजायच्या. मध्येच कुणाला टोकायचं नाही. बोलणाऱ्यानं काय सांगितलं यावर आधी बोलायचं, कसं सांगितलं ते शेवटी, तेही त्यानं विचारलं तर. शब्द अडला तर मराठी टाका, झाडी टाका, हिंदी टाका आणि पुढं चला. तुमच्या हॉस्टेलात, वस्तीत, विहारात असं मंडळ काढा. खर्च काही नाही. नव्वद दिवसांत फाडफाड होणार नाही. एका वर्षात न घाबरता चुकता येईल, तेवढं पुष्कळ आहे.

गेल्या रविवारी मी वाचलं. एका पानात अकरा चुका निघाल्या. मोजणारी तीच होती. मग तिनं पुस्तक घेतलं, शीर्षकापासून सुरुवात केली आणि ‘ह’ चांगला ठासून उच्चारला. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. पहिलं वाक्य मोडकं होतं. दुसऱ्यात तिनं विचारलं की लाहोरच्या त्या मंडळानं बाबासाहेबांना बोलावलंच का, ऐकायचं नव्हतं तर?

याचं उत्तर इंग्रजीत द्यायला मला पंधरा मिनिटं लागली.

येत्या रविवारी सहा वाजता, विहारात. पुस्तक आणा.

जयभीम.